सव्वाअकराची भरती

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार. पुण्यातल्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरूडला गेली आणि दुपारी १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

पुढचा घटनाक्रम मात्र त्या सहलीचा नव्हे. उन्हाळ्यात खडकीतून कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही गाडीचा आहे. माणसं कल्पनेतली, पाण्याचं वागणं खरं.

पहाटे ४.३० : अकरा तास उरले

बुद्धपौर्णिमेची सुट्टी. खडकी बाजारातून सतरा सीटर निघते. आत बर्फाचा डबा, चिवडा, चटया, स्पीकर, बॅट-बॉल. वेळ कशावरून ठरली? ड्रायव्हरला रात्री अकराच्या आत परत यायचंय आणि घाटात ट्रॅफिक नकोय. समुद्राला कुणी विचारलेलं नाही. खरं तर उत्तर घरातल्या कॅलेंडरवरच होतं. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराच्या सुमारास, तिथून सहाएक तासांनी, साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण सहल आखायला पुरतो. त्यातून पौर्णिमा म्हणजे उधाण. अष्टमीच्या भांगाला पाणी बरंच कमी हलतं, उधाणाला रायगडच्या किनाऱ्यावर ते चारेक मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं.

७.००

लोणावळा. चहा, वडापाव, सेल्फी.

१०.४५ : पावणेपाच तास उरले

काशीद. पाणी वरपर्यंत आलेलं. जीवरक्षक सांगतो, “दादा, आत्ता काय ते भिजून घ्या. जेवल्यावर नका उतरू. ओहोटी लागली की ओढ असते.”

गाडीतले मामा हसतात. “अहो, आम्ही मुळा नदीत पोहून मोठे झालो.”

खोटं नाही ते. होळकर पुलाखाली जलपर्णी नव्हती तेव्हाची ती पिढी. पण नदीत पोहणाऱ्याच्या अंगात एकच सवय मुरलेली असते, काठाकडे तोंड करून हात मारायचे. इथे तीच नडणार आहे.

मुलं म्हणतात, आधी घोडा, मग पाणी. घोडा होतो, बग्गी होते, भूक लागते.

१.३०

सुरमईची थाळी. मोठ्यांपैकी तिघांनी बिअर घेतलेली. ऊन मी म्हणतंय आणि सकाळपासून कुणी धड पाणी प्यालेलं नाही.

३.०० : अर्धा तास उरला

आता सगळे उतरतात. ओहोटी सगळ्यात जोरात वाहते ती मधल्या दोन तासांत, म्हणजे नेमकी आत्ता. मामी जागा निवडते. डावीकडे लाटा फुटताहेत, उजवीकडेही पांढरा फेस. मधला आठ-दहा हातांचा पट्टा मात्र संथ, जरा गडद. “पोरांनो, इथे खेळा, इथे लाटा नाहीत.” आईच्या नजरेने पाहिलं तर निवड अगदी बरोबर आहे. पण लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती वाट हीच. खोल असते म्हणूनच तिथे लाट फुटत नाही.

३.२२

सोळा वर्षांच्या भाच्याच्या पायाखालची वाळू सरकते. पाणी त्याला खाली खेचत नाही, बाहेर नेतं. हा फरक कळला तर माणूस वाचतो : अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, फेसाळ लाटांच्या दिशेने. ओढीचा पट्टा अरुंद असतो. भाचा सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि जागच्या जागी दमतो. जीन्स भिजून जड झालेली.

३.२५

आरडाओरडा नाही. बुडणाऱ्याला ओरडायला श्वासच उरत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला दाबले जाताहेत. किनाऱ्यावरून वाटतं, खेळतोय.

३.२७

मामांच्या लक्षात येतं. बर्फाचा डबा चटईवर आहे, शेजारी वीस लिटरचा रिकामा जार झाकणासकट. दोन्ही तरंगतात, दोन्ही फेकता येतात. मामा त्यांच्यावरून उडी मारून पाण्यात धावतात. एकाच्या जागी दोघं बुडायला लागतात ती बहुतेकदा अशीच.

३.३०

जीवरक्षक ट्यूब घेऊन शिरतो. एका माणसाला दोन ठिकाणी पोचायचंय. आधी भाचा हाती लागतो.

३.३८

मामा सापडतात. गर्दीतले दोघं त्यांना पालथं घालून पोट दाबू लागतात, पाणी काढायला. त्याने काही साधत नाही, उलट पोटातलं श्वासनलिकेत जातं. जीवरक्षक त्यांना बाजूला ढकलतो, मामांना उताणं करून तोंडाने श्वास देतो, मग छाती दाबायला लागतो. मेंदूला प्राणवायूविना चार-सहा मिनिटंच मिळतात, ती बहुधा पाण्यातच गेली. कुणीतरी १०८ लावतं. जिल्हा रुग्णालय अलिबागला, तीसेक किलोमीटरवर, आणि रस्त्याला सुट्टीच्या गाड्यांची रांग लागलेली.