चिमटा, चिमटी आणि किमतीची चिठ्ठी

काचेची नवीन बरणी घरी आली की तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढण्याचं काम आमच्याकडे माझं. नखाने ओढली की वरचा कागद निघतो आणि खालचा चिकटा बरणीलाच राहतो. मग त्यावर खोबरेल तेल चोपडून अर्धा तास थांबायचं आणि फडक्याने घासायचं. गेल्या दिवाळीत असाच एका बरणीशी झटून उठलो आणि रात्री अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांच्या स्थलांतराची हकीकत वाचायला घेतली. हजारो मैल उडणाऱ्या त्या फुलपाखरांच्या पंखावर जो इवलासा कागद डकवतात, त्याची कल्पना कुठून आली असावी? दुकानातल्या काचसामानावरच्या किमतीच्या चिठ्ठीवरून! खोबरेल तेलाचा वास अजून बोटांना होता. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पुस्तकी वंशावळ वेगळी सांगतात. तिच्यात मूळपुरुष आहे पक्ष्याच्या पायातलं कडं. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन या शाळामास्तराने १८९९ साली साळुंकीच्या नात्यातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक आणि पत्ता कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घातली, तिथून पक्ष्यांना वाळे घालण्याची पद्धत जगभर गेली. आपल्याकडेही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशा अर्थाचा मजकूर कोरलेली कडी घालून कितीतरी पक्षी मुंबईचा पत्ता पायात मिरवत फिरले. पक्ष्याचं कडं छोटं झालं आणि फुलपाखरावर गेलं, अशी ही सोपी गोष्ट. मराठीत तर ती आणखीनच पटते, कारण आपण या किड्याला पाखरूच म्हणतो.

मला ती निम्मीच मान्य आहे. ‘सापडल्यास अमक्याकडे पाठवा’ ही भाषा पक्ष्यांच्या कड्यावरून उचलली, यात शंका नाही. पण कड्याला पाय लागतो, कडं त्याभोवती फिरतं आणि अंगाला चिकटत नाही. फुलपाखराच्या पायात काय घालणार? तिथे पृष्ठभागाचा प्रश्न येतो, डिंकाचा येतो, आणि ते डकवेपर्यंत जीव हातात धरायचा कसा, हाही येतो. हे तिन्ही प्रश्न कडं बनवणाऱ्याचे नाहीत, दुकानदाराचे आहेत.

कॅनडातले फ्रेड अर्कहार्ट यांनी १९३७ च्या सुमारास या कामाला हात घातला; पुढे त्यांच्या पत्नी नोराही त्यात आल्या. शरद ऋतूत लाखोंनी दक्षिणेकडे जाणारी मोनार्क हिवाळ्यात राहतात तरी कुठे, एवढंच त्यांना शोधायचं होतं. सुरुवातीला त्यांनी टपालाच्या तिकिटासारखी, मागे डिंक असलेली, ओली करून लावायची चिठ्ठी वापरली. तशी चिठ्ठी लावून सोडलेल्या फुलपाखरांवर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस पडला आणि चिठ्ठ्या गळून खाली आल्या. पावसात भिजलेलं पाकीट ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. तिकिटाचा डिंक सुटावा म्हणूनच तर आपण लहानपणी ते पाण्यात टाकायचो. मग कुणीतरी त्यांना सुचवलं, काचेच्या मालावर किंमत लावतात तसली, नुसती दाबली की बसणारी चिठ्ठी वापरून पाहा. ती टिकली.

या चिठ्ठीचं कूळ फार मजेशीर आहे. १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी नावाच्या तरुणाने वाग्दत्त वधूकडून शंभर डॉलर उसने घेतले, धुलाईयंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जुळवून एक यंत्र उभं केलं आणि पाणी न लावता चिकटणाऱ्या चिठ्ठ्या कापायला लागला. गिऱ्हाईक कोण, तर दुकानदार. मालावर किंमत डकवायची आणि विकताना स्वच्छ निघायला हवी. त्याने आपल्या धंद्याचं नावही इंग्रजीत ‘स्वच्छ निघते’ असं सुचवणारंच ठेवलं होतं. आता गंमत पाहा, निघण्याची जाहिरात करत जन्मलेली वस्तू अर्कहार्ट दांपत्याने निघू नये म्हणून वापरली. त्यांनी घेतल्या त्या चिठ्ठ्या खुद्द एव्हरीच्या होत्या की त्याच्या एखाद्या भाऊबंदाच्या, या वादात मी पडत नाही. घराणं एकच.

मात्र फुलपाखराचा पंख म्हणजे काच नव्हे. त्यावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले सूक्ष्म खवले असतात. बोटांना लागणारी रंगीत भुकटी ती हीच. चिठ्ठी थेट डकवली तर डिंक खवल्यांना धरतो आणि खवल्यांसकट सुटून येतो. भिंतीचे पोपडे निघत असताना वर कॅलेंडर चिकटवण्यासारखंच ते. अर्कहार्ट यांनी काय करावं? पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर, अंगाजवळ, थोड्या जागेतले खवले चक्क बोटाने घासून काढले आणि उघड्या पडलेल्या पापुद्र्यावर चिठ्ठी कडेवरून दुमडून दोन्ही बाजूंनी दाबली. लाकडाला रंग देण्याआधी सुतार पॉलिशपेपर मारतो, तसं.

इथे आमच्या आजीचं एक वाक्य आडवं येतं. अंगणातल्या रुईवर बसलेल्या फुलपाखराला हात लावायला निघालो की ती ओरडायची, ‘रंग लागला हाताला की मरेल ते!’ हा समज नुसता आपला नाही, कितीतरी देशांत पोरांना असंच दटावतात. आणि अर्कहार्टांच्या पद्धतीची पहिली पायरीच मुळी रंग काढण्याची होती. तसा रंग काढलेली फुलपाखरं पुढे देश ओलांडून गेली. खवले मेलेल्या पेशींचेच असतात, नखाकेसांसारखे, आणि आयुष्यभर थोडे थोडे झडतातच. म्हणून ते बिनकामाचे ठरत नाहीत. ऊन धरायला, पाणी झटकायला ते लागतात. कोळ्याच्या जाळ्यात सापडल्यावर खवले जाळ्याला सोडून सुटताही येतं. आजीने दिलेलं कारण चुकीचं होतं, ओरडणं बरोबर होतं.

आता हाताकडे वळतो, कारण माझा लाडका सिद्धांत तिथे आहे.

फुलपाखरू धरण्याची आजची रीत अशी: पंख मिटलेले असताना चारही पंख एकत्र, अंगाजवळ, अंगठा आणि बोटांच्या टोकांत. एकच पंख कधी धरायचा नाही, कारण उरलेल्या तिघांची फडफड त्याला उसवते. जाळ्यात आलं असेल तर आधी जाळ्याची पिशवी कडीवरून उलटी टाकायची, बाहेरूनच कापडासकट पंख अलगद मिटवायचे आणि मग दुसरा हात आत घालायचा. पंखाची पुढची कड दणकट शिरेची असते, बोटांचा भार तिथे द्यायचा. बोटं कोरडी हवीत.

जीव जपण्याची ही रीत आली कुठून? मला विचाराल तर मारणाऱ्यांकडून. अठराव्या शतकातले इंग्रज छांदिष्ट संग्राहक पक्षी धरायच्या जाळ्याचाच धाकटा अवतार घेऊन कुरणांत हिंडायचे. पुढे जुन्या संग्राहकांचा एक ठरलेला हातखंडा होता: पंख मिटवायचे आणि खाली, जिथे पंख धडाला जुळतात तिथे, अंगठा-तर्जनीने कचकन दाबायचं. पंखाला ओरखडा नाही आणि फुलपाखरू गार. नमुना निर्दोष हवा म्हणून पंखांची एवढी काळजी! दोन्ही पकडी शेजारी ठेवून पाहा. मिटलेले पंख तेच, बोटं तीच. फरक आहे बोटाच्या जाडीएवढा, बोटं धडावर की पंखावर.

मराठीने हा फरक आधीच करून ठेवलाय. मारणारी पकड म्हणजे चिमटा आणि जपणारी म्हणजे चिमटी. चिमटा काढतात, चिमटीत धरतात. सुरा-सुरी, हातोडा-हातोडी यांच्यासारखंच ईकाराने इथे जोर कमी केला. (दोरा आणि दोरी या नियमाला हसतात, त्यांना हसू द्या.) चिमट्याची चिमटी कशामुळे झाली? सरळ उत्तर आहे दयाबुद्धी. मला ते फार भाबडं वाटतं. बोटं वर सरकली ती चिठ्ठीमुळे. चिठ्ठी पंखावर दाबायची तर बोटं पंखावरच हवीत, आणि उडू द्यायचं तर धड शाबूत हवं. कामाने हात हलवला, दया मागून आली.

यावर एक आक्षेप मीच घेतो. अर्कहार्टांच्या कामाच्या सुरुवातीच्याच सुमारास इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर फिशर आणि फोर्ड हे शास्त्रज्ञ निळ्या फुलपाखरांच्या पंखांवर रंगाचे ठिपके देऊन सोडत होते आणि पुन्हा किती सापडतात त्यावरून एकूण संख्या काढत होते. तिथे चिठ्ठी नव्हती, तरी जिवंत सोडणं होतंच. मान्य. पण ठिपका ‘किती?’ एवढंच सांगतो. ‘कुठून?’ हे सांगायला अक्षरं लागतात, अक्षरांना कागद, कागदाला डिंक, आणि डिंक बसायला काही क्षण दाबणं. ठिपका देणाऱ्याचं काम क्षणात होतं, चिठ्ठीवाल्याला मात्र फुलपाखरू धरून ठेवावंच लागतं.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची. मोनार्क ज्या कुळातलं, त्याच कुळातलं आपल्या रुईवर वाढणारं प्लेन टायगर. ही मंडळी चिवट आणि चामट अंगाची. संग्राहकांनी चिमटा काढला की मेल्यासारखी पडतात आणि थोड्या वेळाने उडून जातात. ज्या जातीवर चिमटा चालेना, तिच्यावरच चिमटीची कला वाढावी हा मला योगायोग वाटत नाही. प्लेन टायगर घेऊन हे स्वतः पडताळायला मात्र निघू नका. आपल्याकडे कितीतरी फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ती परवानगीशिवाय पकडता येत नाहीत.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. १९५२ मध्ये नोराबाईंनी मासिकात लेख लिहून स्वयंसेवक मागितले आणि हळूहळू शेकडो जण फुलपाखरांना चिठ्ठ्या लावू लागले. जानेवारी १९७५ मध्ये अर्कहार्टांसाठी शोध घेणारे कॅटालिना अगुआदो आणि केन ब्रगर मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरात, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, ओयामेल नावाच्या वृक्षांना लटकलेल्या कोट्यवधी मोनार्कपर्यंत पोहोचले. तिथल्या गावकऱ्यांना ती दरवर्षी दिसतच होती, हेही सांगायला हवं. वर्षभराने अर्कहार्ट स्वतः गेले. भाराने एक फांदी त्यांच्यासमोर मोडून पडली आणि खाली विखुरलेल्या ढिगात त्यांना एका पंखावर पांढरी चिठ्ठी दिसली. मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकाने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी आदल्या ऑगस्टमध्ये ती डकवली होती. अंतर सुमारे २,८०० किलोमीटर.

१९९२ मध्ये कॅन्ससमध्ये ऑर्ली टेलर यांनी मोनार्क वॉच सुरू केलं आणि पुढे चिठ्ठीची जागा बदलली. आता ती मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, शिरांनी वेढलेल्या घरात बसते. अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं ते घर दिसतं. उडण्याचा तोल तिथे कमी बिघडतो आणि खवले घासावे लागत नाहीत. चिठ्ठी गोल, नऊ मिलिमीटरची. अर्ध्या ग्रॅमच्या फुलपाखराला दोन टक्के ओझं. कागदावरून ती दात कोरायच्या काडीने उचलतात, बोटाचं तेल डिंकाला लागू नये म्हणून. खोबरेलाची बरणी आठवून मला इथे फार बरं वाटलं. मग घरावर ठेवायची, दोन-तीन सेकंद चिमटीत दाबायची आणि हात उघडायचा.

हिवाळा सरत आला की मिचोआकानमधले वाटाडे आणि गावकरी झाडांखालच्या मेलेल्या फुलपाखरांच्या थरात चिठ्ठ्या शोधतात. मोनार्क वॉचची माणसं येऊन त्या एकेक पैसे मोजून विकत घेतात. चिठ्ठीवर क्रमांक आणि संपर्काचा पत्ता असतो, किंमत मात्र नसते.