मसूरचे स्थानक ते महाडचे न्यायालय

१९६२ साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हा चित्रपट आला. अमेरिकेच्या दक्षिणेतील एका गावी निरपराध कृष्णवर्णीयावर खटला चालतो आणि त्याच्या गोऱ्या वकिलाची लहान मुले सज्जातून तो पाहतात. महाराष्ट्रातील अशाच एका खटल्यात मात्र लहानपणी अन्याय सोसलेला मुलगाच पुढे प्रतिवादी म्हणून उभा राहिला. #थ्रेड

१९०१. भीमराव, त्याचा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून कोरेगावी रामजींकडे निघाले. मसूर स्थानकावर मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत, असे उत्तर येताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. गाडीवान बाजूने चालणार. शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरी नाकेदाराने पाणी दिले नाही. मुले उपाशी झोपली.

शाळेतही निराळे काही नव्हते. शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच.

पुढे १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. प्रतिवादींत पहिले नाव आंबेडकरांचे. त्यांनी हुकूम पाळला; सत्याग्रह तहकूब झाला.

न्यायालयापुढचा प्रश्न मात्र विलक्षण कोरडा होता. माणसाला पाणी नाकारणे न्याय्य आहे काय, हे कोणी विचारत नव्हते. वादींना सिद्ध करायचे होते ते एवढेच, की ही बंदी अनादि काळापासूनची वहिवाट आहे. तेच त्यांना साधले नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. भोवती सवर्णांची वस्ती असल्याने अस्पृश्यांना पूर्वी तिकडे जाण्याचे कारणच पडले नसेल. मग कोणी गेले नाही म्हणजे कोणाला अडवले होते, असे कसे म्हणावे? १९३१ मध्ये महाडला दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या अपिलातही तेच झाले.

अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्यापुढे आले. (१९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड हेच.) वहिवाटच सिद्ध न झाल्याने ती वाजवी की गैरवाजवी, हे ठरवण्याची गरज न्यायालयाला उरली नाही. अपील फेटाळले गेले.

तो दिवस १७ मार्च १९३७. तळ्याचे पाणी प्यायल्याला दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस बाकी होते.