फुकटचा स्कोअर, दुसऱ्याची वही

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी चहा घेता घेता मोबाईलवरचं ते फुकट क्रेडिट स्कोअर दाखवणारं अ‍ॅप उघडलं. हिरव्यागार काट्याखाली आकडा होता ७४२. वर फटाके उडत होते आणि खाली "अभिनंदन! तुमच्यासाठी तीन खास कर्जं तयार" अशी पाटी. मी खूश. सोमवारी गृहकर्जासाठी बँकेत गेलो. समोरच्या माणसाने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, आमच्याकडे ६८१ येतोय. वडील को-अ‍ॅप्लिकंट होतील का?"

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सॉफ्टवेअरमधल्या पगारावर, बाबांना फोन करून "बाबा, तुमची सही लागेल" म्हणताना काय वाटतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. बाबा काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "आमच्या पतसंस्थेच्या पासबुकात निदान दिसायचं तरी, काय लिहिलंय ते."

माझी चूक नव्हती असं नाही. पहिल्या नोकरीत हौसेने क्रेडिट कार्ड घेतलं, नोकरी गेली, चार महिने बिल थकलं. वसुलीवाल्याचा फोन आला, "सर, अर्धे भरा, फाईल बंद करून टाकू." भरले. फाईल बंद झाली, पण रिपोर्टात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शिक्का बसला. त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. हे मला दोन वर्षांनी कळलं. मग एफडीवर मिळणारं कार्ड घेतलं, दीड वर्ष एकही तारीख चुकवली नाही, आणि रोज सकाळी देवाला नमस्कार करावा तसा अ‍ॅपमधला काटा बघत बसलो. तो काटा आणि बँकेतला काटा वेगळे आहेत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

डोकं फिरलं की मी वाचत बसतो. तर या भानगडीचा इतिहास वाचत वाचत थेट १८४१ पर्यंत गेलो.

न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाचा रेशमाचा व्यापारी होता. गुलामगिरीविरुद्ध लढणारा, अत्यंत धार्मिक माणूस. १८३७ च्या मंदीत उधारी बुडाली आणि त्याची आणि त्याच्या भावाची पेढी कोसळली. धडा घेऊन त्याने १८४१ मध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. कल्पना साधी होती. गावोगावी, बहुतेक वकील मंडळींमधून, बातमीदार नेमायचे. कोण दुकानदार दारू पितो, कोणाचं घर स्वतःचं आहे, कोणाचा सासरा पैसेवाला आहे, सगळं त्यांनी कळवायचं. न्यूयॉर्कमधले कारकून ते मोठमोठ्या वह्यांमध्ये उतरवून घ्यायचे. या वह्या आज हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत, अडीच हजारांहून जास्त. वर्गणीदार व्यापारी ऑफिसात यायचा, कारकून त्याला नोंद वाचून दाखवायचा. वही हातात मिळायची नाही. आणि ज्याच्याबद्दल नोंद होती, त्याला तर अशी नोंद आहे हेच माहीत नसायचं.

थोडक्यात, आजचं सगळं आर्किटेक्चर तेव्हाच तयार होतं. डेटा देणारा एक, साठवणारा दुसरा, पैसे देऊन वाचणारा तिसरा. ज्याची नोंद आहे तो या डायग्राममध्ये कुठेच नाही. त्याला लॉगिनच नाही!

ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या जॉन बीअर्ड्सली या व्यापाऱ्याला हे कळलं ते माल मिळेनासा झाल्यावर. एजन्सीच्या वहीत त्याची बायको घटस्फोट घेणार आणि धंदा अडचणीत येणार, अशी नोंद होती. त्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. एजन्सीचा तेव्हाचा प्रमुख बेंजामिन डग्लस याने कोर्टात बातमीदाराचं नाव सांगायला नकार दिला आणि त्यापायी वीस दिवस तुरुंगात बसला, पण नाव सांगितलं नाही. १८५१ मध्ये ज्युरीने बीअर्ड्सलीला दहा हजार डॉलर द्यायला सांगितले, पुढे सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. धंद्याचं रहस्य नोंद झालेल्या माणसापेक्षा मोठं ठरलं. हीच एजन्सी पुढे 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' झाली.

इथपर्यंत आलो आणि बाबांचं पासबुक आठवलं. कारण जवळपास त्याच काळात आपल्या पुणे जिल्ह्यात याच प्रश्नावर केवढा भडका उडाला होता! १२ मे १८७५ ला सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना असायचं ते. तेव्हा मी 'कारणे द्या' पाठ केली, पण एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. लोकांना मुख्यतः हवे होते कागद. खतं, रोखे, वह्या काढल्या आणि होळी केली. न वाचता येणाऱ्या माणसाने अंगठा दिलेला कागद, ज्यात काय लिहिलंय आणि व्याज किती चढलंय हे फक्त समोरच्याला माहीत. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात इतर बऱ्याच गोष्टींबरोबर एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळालं पाहिजे.

म्हणजे, माझी नोंद मला दिसली पाहिजे हा हक्क आपल्याकडे १८७९ मध्ये कागदावर आला होता. कायद्याने सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही, पण मुद्दा नीट ओळखला गेला होता.

अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकाच्या बाबतीत तो ओळखायला १९७० उजाडलं. १८९९ मध्ये अटलांटात सुरू झालेल्या 'रिटेल क्रेडिट कंपनी'चे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून फायली बनवायचे. पिणं, चारित्र्य, घरचं वातावरण, सगळं. साठच्या दशकात या फायली कॉम्प्युटरवर जाणार म्हटल्यावर लोक घाबरले, संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९७० मध्ये 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट' आला. आपल्या फायलीत काय आहे हे विचारण्याचा आणि चूक असेल तर ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मिळाला. रिटेल क्रेडिटचं नाव इतकं खराब झालं होतं की १९७५ मध्ये तिने ते बदलून घेतलं. नवं नाव इक्विफॅक्स.

स्कोअर ही भानगड वेगळी. ती आपल्या जातभाईंनी केली. बिल फेअर इंजिनियर, अर्ल आयझॅक गणिती. १९५६ मध्ये दोघांनी चारशे-चारशे डॉलर घालून कॅलिफोर्नियात कंपनी काढली. मॅनेजरच्या मूडवर कर्ज ठरण्यापेक्षा आकडेवारीवर ठरावं, ही कल्पना. पन्नास मोठ्या कर्ज कंपन्यांना पत्रं पाठवली, उत्तर एकाचं आलं. (स्टार्टअपवाल्या मित्रांनो, धीर धरा :-) ) १९८९ मध्ये ब्युरोंच्या डेटावर चालणारा सर्वसाधारण फायको स्कोअर आला, ३०० ते ८५०. खरं सांगायचं तर शेजाऱ्याच्या चुगलीपेक्षा हा आकडा कितीतरी बरा. पण तोही सावकारासाठीच बनवला होता, आपल्याला दाखवायला नाही.

आता फुकटचं नाटक. २००३ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला की तिन्ही ब्युरोंनी प्रत्येकाला वर्षाला एक रिपोर्ट मोफत द्यायचा. त्यासाठी एक अधिकृत साईट झाली. पण जाहिरात कुणाची गाजली? 'फ्री क्रेडिट रिपोर्ट' असंच नाव असलेल्या दुसऱ्याच साईटची, जी एक्सपेरियनच्याच एका कंपनीची होती. 'फुकट' रिपोर्ट घेतला की क्रेडिट मॉनिटरिंगची ट्रायल सुरू व्हायची, आणि वेळेत रद्द केली नाही तर कार्डावर वर्षाचे ७९.९५ डॉलर लागायचे. २००५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने साडेनऊ लाख डॉलर वसूल केले. पुढे २०१० मध्ये नियम आला की 'फुकट' म्हणून जाहिरात करायची तर खरी मोफत साईट कुठली हे ठळक लिहा. तर यांनी काय करावं? रिपोर्टला एक डॉलर लावला आणि तो धर्मादाय संस्थेला दिला. फुकट नाही म्हणजे नियम लागू नाही! कोडमधला असा लूपहोल मी शोधला असता तर टीम लीडने पार्टी दिली असती.

२०१७ च्या जानेवारीत तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियनला दंड केला आणि लोकांना १.७६ कोटी डॉलरहून जास्त परत द्यायला लावले. आरोप माझ्या ७४२ चाच होता. लोकांना विकलेले स्कोअर हे सावकार साधारणपणे वापरतात ते स्कोअर नव्हतेच, आणि तसं भासवलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४.३ कोटी लोकांची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर झालं. २०१९ च्या तडजोडीत भरपाई काय मिळाली? फुकट क्रेडिट मॉनिटरिंग. नाही तर १२५ डॉलरपर्यंत रोख, पण रोख मागणारे इतके निघाले की कमिशननेच सांगितलं, बाबांनो, मॉनिटरिंग घ्या, रोख फार थोडी येईल हाती.

आपल्याकडे सिबिल सुरू झाली २००० मध्ये. क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. आज सिबिलसकट चार ब्युरो आहेत, चौघांच्या वह्या वेगळ्या, फॉर्म्युले वेगळे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आदेश काढला आणि जानेवारी २०१७ पासून प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत मिळू लागला. २०२४ च्या एप्रिलपासून आणखी एक नियम लागू झाला. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई.

हे वाचल्यावर मी जे दीड वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. अ‍ॅप बंद करून चारही ब्युरोंच्या साईटवर जाऊन चारही रिपोर्ट उतरवले. एक रविवार गेला, ओटीपींचा पाऊस पडला. तीन ठिकाणी जुनं कार्ड 'सेटल्ड', बाकी शून्य. चौथ्या ठिकाणी तेच कार्ड अजून थकलेलं, ११ हजार ३४० रुपये! बँकेने बघितली होती ती हीच वही. आणि अ‍ॅप माझा आकडा वेगळ्याच ब्युरोकडून आणत होतं. दीड वर्ष त्याने मला "स्कोअर ४ ने वाढला", "स्कोअर ९ ने घसरला" असे मेसेज पाठवले, चौदा कर्जं देऊ केली, पण ही एक ओळ दाखवली नाही. दाखवणार कशी? त्याचं काम मला चूक दाखवणं नाही, मला कर्ज विकणं आहे. कमिशन तिथून येतं.

तक्रार टाकली, सेटलमेंटचं पत्र जोडलं, सव्विसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. गेल्या आठवड्यात बँकेने पुन्हा बघितलं, ७१९. 'सेटल्ड' आहेच, तो माझ्या कर्माचा भाग. पण आता अर्ज एकट्याच्या नावावर पुढे गेलाय. व्याज पाव टक्का जास्त पडतंय, पडू दे.

टॅपनच्या वहीपासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. पैसे देणाऱ्याला वही वाचून दाखवतात. आपल्याला जे काही बघायला मिळालं ते कोणी दावा लावला, कोणी रोखे जाळले, कोणी संसदेत भांडलं म्हणून. फटाके उडवणाऱ्या अ‍ॅपमुळे नाही. तेव्हा मंडळी, एक रविवार काढा आणि आपले चार रिपोर्ट बघा. आकडा बघू नका, ओळी वाचा.

संध्याकाळी बाबांना दुरुस्त झालेला रिपोर्ट छापून दाखवला. चष्मा लावून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बोट ठेवून, पासबुक वाचायचे तसाच. मग म्हणाले, "हे वर्षाला एकदा फुकट देतात? मग माझाही काढ."