घाटावरचे पाठीराखे

पंचवटी एक्स्प्रेस संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटते. इंडियन सुपर लीगचा सामना बहुधा साडेसातला सुरू होतो. नाशिकच्या फुटबॉलवेड्याचं सगळं दुखणं या सव्वा तासात आहे. मॅच बघायची तर गाडी सोडायची, गाडी धरायची तर मॅच सोडायची. देशाच्या सर्वोच्च साखळीत नाशिकचा स्वतःचा संघ कधीच नव्हता. त्यामुळे मुंबईचा संघ अंधेरीत खेळो की कोलकात्यात, घाटावरच्या माणसाला दोन्ही मैदानं परकीच.

नाशिकला खेळाचं वावडं आहे असं मुळीच नाही. व्यायामशाळांचं हे जुनं गाव. धावण्यात कविता राऊत, नौकानयनात दत्तू भोकनळ, बुद्धिबळात विदित गुजराथी अशी नावं याच जिल्ह्याने दिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचं नाव दिलेल्या मैदानाला लोक अजून गोल्फ क्लबच म्हणतात आणि तिथे रणजी सामन्याला गर्दी होते. फुटबॉल मात्र इथे नेहमी बाहेरून आला आणि बाहेरच्या बातम्यांवर जगला.

गोऱ्या पलटणींचा फुटबॉल तर शहराच्या अगदी शेजारी होता. बोटीने मुंबईत उतरलेले आणि मायदेशी जाण्यासाठी बोटीची वाट पाहणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत ठेवले जात. याच पलटणींच्या जगात मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा जन्माला आली. 1891 साली पहिला करंडक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने नेला आणि पुढची पंचेचाळीसेक वर्षं तो हिंदी संघाच्या हाती लागला नाही. अखेर 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. 1940 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग जिंकला. मुंबईच्या स्पर्धेवर पहिली हिंदी मोहोर उमटली ती बंगळूरच्या आणि कोलकात्याच्या पाहुण्यांची.

हे पुढेही चालूच राहिलं. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने रोव्हर्स कप उचलला. मुंबईच्या कूपरेज मैदानावरच्या गर्दीत गोव्याची, बंगालची, हैदराबादची माणसं आपापल्या संघामागे उभी असत. धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्याच्या लोकांच्या सामायिक वसतिगृहांत, राहणारा गोवेकर धेंपो किंवा साळगावकर संघासाठी यायचा, नोकरीनिमित्त आलेला बंगाली मोहन बागान किंवा ईस्ट बंगालसाठी. मुंबईचे संघ होते ते कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचे: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका. 1958 मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकलाही. पण तेल कंपनीच्या विजयासाठी गल्लीत फटाके कोण वाजवणार? आपल्याच शहरात पाहुणा वाटणारा यजमान संघ ही मुंबईच्या फुटबॉलची जुनी खोड आहे, आणि तिचं मूळ या कंपनी फुटबॉलमध्येच शोधावं लागतं.

कोल्हापूरकर हे वाचून हसतील. तिथे संघ पेठेचा आणि तालमीचा असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल: नाव घेतलं की माणूस कोणत्या गल्लीतला ते कळतं. सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. तिथल्या मॅचला जाण्यासाठी कोणी आरक्षण करत नाही. दोन तालमींचे पाठीराखे समोरासमोरच्या गॅलरीत बसतात आणि वाद वाढला की पोलिसांना मध्ये पडावं लागतं. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. पण कोल्हापूरच्या या वेडालाही गावाबाहेर जायची वाट फारशी मिळाली नाही. पेठेला पेठ भेटते, कोलकाता भेटत नाही.

राष्ट्रीय साखळी आल्यावर परगावची मॅच नियमाने येऊ लागली. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि चार वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीने संघ बंद केला. त्याआधी 2007 मध्ये पिवळ्या जर्सीतला मुंबई एफसी उभा राहिला होता. महाराष्ट्रात ‘धडपडणारा संघ’ म्हणून एकच नाव घ्यायचं तर याचं घ्यावं. हा संघ कधी विजेतेपदाच्या जवळ गेला नाही, आणि बरीच वर्षं बुडालाही नाही. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ. त्यांच्यानंतर 2009 पासून सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. बचाव घट्ट ठेवायचा, बाहेरच्या मैदानावर एक गुण पदरात पाडून घ्यायचा आणि हंगामाच्या शेवटी खालच्या गटात जाण्यापासून वाचायचं, हा त्यांचा दरवर्षीचा हिशेब. त्या फुटबॉलला कोणी देखणा म्हणणार नाही. पण त्याच्या पाठीराख्याला आकडेमोड छान जमायची. गोव्यात हरलो तरी चालेल, शिलाँगमध्ये बरोबरी हवी, बाकीचं कूपरेजवर बघू.

त्यातही गंमत अशी की कूपरेजच जागेवर नव्हतं. मैदानाचं नूतनीकरण निघालं आणि मधल्या काही हंगामांत मुंबई एफसीला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. घरची मॅच बघायला द्रुतगती मार्गावरचा टोल भरायचा ही वेळ मुंबईच्या पाठीराख्यांवर आली. नाशिककराला त्यांच्याविषयी फार सहानुभूती वाटायचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी मुंबई सुमारे 170 किलोमीटर आणि पुणे 210. घर चाळीसेक किलोमीटर आणखी लांब गेलं, इतकंच.

मग आला राष्ट्रीय साखळीचा 2016-17 चा हंगाम. जमील यांना आधीच निरोप दिला गेला होता. नवे प्रशिक्षक संतोष कश्यप यांच्या हाताखाली संघाने पहिले दोन सामने जिंकले आणि जाणकारांनी माना डोलावल्या. त्यानंतर विजय आलाच नाही. प्रशिक्षक बदलून झाला, ऑस्कर ब्रुझोन आले, आठवड्यामागून आठवडे गेले, दहा संघांच्या तक्त्यात मुंबई एफसी तळाला रुतत गेला. अशा संघाच्या पुढच्या परगावच्या मॅचकडे पाठीराखा कसा बघतो, ते फुटबॉलबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. जिंकण्याची आशा कोणालाच नसते. तरी शनिवार जवळ आला की कोण जखमी, कोण निलंबित, समोरच्यांचा परदेशी स्ट्रायकर खेळणार का, याची चौकशी सुरू होते. हंगाम संपला तेव्हा संघ शेवटच्या क्रमांकावर होता. खालच्या गटात खेळायची पाळीसुद्धा त्याच्यावर आली नाही. संघच गुंडाळला गेला.

आणि त्याच हंगामात खालिद जमील काय करत होते? ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले होते. हा संघ आदल्या वर्षी खालच्या गटात गेलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा वर घेतलं गेलं. 30 एप्रिल 2017 ला आयझॉलची शेवटची मॅच शिलाँग लाजाँगविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर होती. विजेतेपदाला एक गुण हवा होता. डोंगररस्त्यांनी प्रवास करत मिझोरमचे पाठीराखे शिलाँगला पोचले. संघ एका गोलने मागे पडला, मग बरोबरी झाली आणि 1-1 वर आयझॉल भारताचा विजेता ठरला. परगावी एक गुण मिळवण्याची जी विद्या मुंबईत रटाळ ठरली, तीच तिथे करंडक घेऊन आली. जमील 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताचे प्रशिक्षक झाले.

महाराष्ट्राच्या राज्य संघाचं नशीबही परक्या मैदानाशी असंच विचित्र जोडलेलं आहे. संतोष ट्रॉफी आतापर्यंत चार वेळा आली. शेवटची 1999-2000 मध्ये, आणि तीही त्रिचूरला, केरळला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर 3-2 ने हरवून. त्यानंतर 2016 मध्ये अंतिम सामना आपल्या नागपूरला झाला, तेव्हा सेनादलाने महाराष्ट्राला 2-1 ने हरवलं.

इंडियन सुपर लीगमध्ये 2014 पासून मुंबई सिटी एफसी आहे. त्यांची पहिली मॅचच कोलकात्यात होती. 3-0 ने हरले. पुढच्या वर्षी, 17 नोव्हेंबर 2015 ला, फातोर्ड्यात गोव्याने त्यांना सात गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. निकोलस आनेल्का खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, तरी काही चाललं नाही. पुढे पैसा आला, खेळ आला. 2020-21 चा हंगाम कोविडमुळे पूर्णपणे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, आणि त्यातच मुंबईने लीग शील्ड व करंडक दोन्ही जिंकले. अंतिम सामन्याच्या नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला तेव्हा अंधेरीचा पाठीराखा आणि नाशिकच्या सिडकोतला पाठीराखा दोघेही टीव्हीसमोरच होते. घाटावरच्या माणसाला एवढी बरोबरी पहिल्यांदाच मिळाली असावी.

2024 मध्ये एप्रिलच्या मध्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानने मुंबईला 2-1 ने हरवून शील्ड हिसकावली. 4 मे रोजी राहुल भेकेच्या नेतृत्वाखाली मुंबई पुन्हा त्याच मैदानावर उतरली आणि 3-1 ने करंडक घेऊन आली. भेके एकेकाळी त्या पिवळ्या मुंबई एफसीतही खेळलेला. मग उतार लागला. पुढच्या हंगामात सहावा क्रमांक, आणि 29 मार्च 2025 ला बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये बाद फेरीची मॅच. 5-0 ने हार. ती बघणाऱ्या नाशिककराला निदान गाडी चुकण्याची धास्ती नव्हती.

15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील त्या विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत आखला होता. त्या दिवशी मैदानात उतरलेला पाचवीतला मुलगा 2025 मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा झाला, स्वतः एसटीने मुंबईला जाण्याइतका मोठा. त्या वर्षी मात्र महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराचं घोडं अडलं आणि लीग ठरल्या वेळी सुरूच झाली नाही. संघ घरी कधी आणि परगावी कधी, हे सांगणारं वेळापत्रकच त्याच्या हाती नव्हतं.