रुजू होण्याची तारीख

शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी बनवणं प्रोग्रामरसाठी पाच मिनिटांचं काम आहे. रुजू होण्याच्या तारखेनुसार सॉर्ट करा, कपात करायची असेल तर खालून कापत जा. मिशिगन राज्यातल्या जॅक्सन शहरात ही यादी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

१९६९ साली जॅक्सनच्या सरकारी शाळांत १५.२ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक होते, तसे शिक्षक मात्र ३.९ टक्के. तक्रारी झाल्या, भरती वाढली, १९७१ पर्यंत हा आकडा ८.८ झाला. म्हणजे कृष्णवर्णीय शिक्षक आले, पण बरेचसे नुकतेच. यादीत त्यांची जागा तळाशी. पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर, आणि यात कुणालाही वंशद्वेष्टं असायची गरज नाही. तारीख कुणाचा रंग पाहत नाही. ती मिळायला उशीर का झाला, हेही ती सांगत नाही.

१९७२ च्या करारावेळी शिक्षकांचं मत विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९६ टक्क्यांना सरळ ज्येष्ठताच हवी होती. त्यांना दोष देता येत नाही. ज्येष्ठता हे कामगार चळवळीनं कमावलेलं हत्यार आहे, साहेबाच्या मर्जीविरुद्धचं. आमच्या क्षेत्रात ते नाही. माझ्या आधीच्या कंपनीत कपात झाली तेव्हा कोण का गेलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे निदान कारण तरी छापलेलं असलेल्या यादीचा मला थोडा हेवाच वाटतो.

तरीही संघटनेनं तडजोड मान्य केली. करारातलं बारावं कलम असं: कपात ज्येष्ठतेनुसारच, पण कमी केलेल्यांत अल्पसंख्याकांचं प्रमाण त्यांच्या नोकरीतल्या प्रमाणापेक्षा जास्त असता कामा नये. समजा शंभर शिक्षकांत दहा कृष्णवर्णीय आहेत, सगळे नवे, आणि वीस जणांना काढायचंय. सरळ यादीत दहाही जातील. या कलमानुसार फार तर दोन.

१९७४ साली कपातीची वेळ आली तेव्हा मंडळानंच कलम पाळलं नाही. कायम झालेले गोरे शिक्षक ठेवले, प्रोबेशनवरचे अल्पसंख्याक काढले. मग संघटनाच कोर्टात गेली. केंद्रीय न्यायालयात हरली, राज्याच्या न्यायालयात जिंकली. पुढे मंडळानं कलम पाळलं, आणि १९७६-७७ व १९८१-८२ मध्ये जास्त ज्येष्ठ गोऱ्या शिक्षकांना घरी बसावं लागलं, कनिष्ठ कृष्णवर्णीय राहिले. त्यातल्या वेंडी वायगंट आणि इतरांनी मंडळावर खटला भरला.

खालची दोन्ही न्यायालयं मंडळाच्या बाजूनं गेली: मुलांसमोर आपल्यासारखा दिसणारा आदर्श हवा, हा त्यांचा मुद्दा. १९ मे १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. न्या. पॉवेल यांचं म्हणणं दोन पातळ्यांवर होतं. एक, आदर्शाचा युक्तिवाद कुठे थांबतच नाही. कृष्णवर्णीय मुलं थोडी म्हणून शिक्षकही थोडेच पुरेत, असंही त्यातून कुणी सिद्ध करील. हे मला पटतं. दोन, भरतीतल्या प्राधान्याचा भार समाजात विखुरतो, कपातीचा मात्र ठरावीक माणसांवर पडतो. हे निम्मंच पटतं, कारण कपात सरळ यादीनं झाली तरी भार ठरावीक माणसांवरच पडतो. फक्त माणसं वेगळी.

न्या. मार्शल यांनी विरोधी मतात नेमकं यावर बोट ठेवलं. बहुसंख्य गोऱ्या संघटनेनं स्वतः वाटाघाटी करून ओझं वाटून घेतलं होतं, दोन्ही गटांनी आपापल्या प्रमाणात. ते मोडायचं कशाला? न्या. स्टीव्हन्स यांनी आपलं वेगळं विरोधी मत लिहिलं. मागच्या अन्यायाचा पुरावा शोधण्याआधी, मिश्र शिक्षकवर्गामुळे मुलांच्या शिक्षणाला पुढे काय फायदा होतो ते बघा, असा त्यांचा रोख होता.

भरतीत प्राधान्य देण्याचा दरवाजा या निकालानं पूर्ण बंद केला नाही. जॅक्सनच्या मंडळाला नवे कृष्णवर्णीय शिक्षक नेमण्याचा मार्ग शोधता आला असता. पुढच्या कपातीत मात्र त्यांच्या नावांपुढे पुन्हा तीच उशिराची तारीख असणार होती.