नऊ कुटुंबांचा निबंध

एखादा शोधनिबंध किती मोलाचा, हे कसे ठरवायचे? नंतरच्या किती निबंधांनी त्याचा संदर्भ दिला ते मोजणे, हा एक मार्ग. अशा संदर्भसूचीची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. पण मोजायचे कधी?

मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांचे उदाहरण पाहू. वाचताना आपले डोळे एका शब्दावरून दुसऱ्यावर झटकन उडी घेतात. तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकारात ही उडी फार संथ झालेली त्यांना दिसली. अशा नऊ कुटुंबांची नोंद वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात केली. हा विकार वेगळा आहे, असे त्यांनी मांडले.

तेव्हा जनुक वाचण्याची साधने नव्हती. एससीए-२ या विकाराचे जनुक १९९६ मध्ये तीन संशोधकगटांनी शोधले. बाराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतात. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय कुटुंबांतील एससीए-२ची माहिती दिली आणि निदानासाठी डोळ्यांच्या संथ उडीचे महत्त्व दाखवले. आज या विकारावर लिहिणारे १९७१ च्या निबंधाचा आवर्जून उल्लेख करतात.

पहिल्या पाच वर्षांचे संदर्भ मोजून कोणी या कामाला गुण दिले असते, तर पुढचे काहीच हिशेबात आले नसते. संदर्भ देणे म्हणजे दुसऱ्याच्या निरीक्षणाचे ऋण मान्य करणे. प्रयोगवहीत 'हे निरीक्षण कोणाचे?' असा एक रकाना मुलांना आखायला सांगून पाहा.