तबकडीची पारख

दिवाळीचे चार दिवस सरत आले, की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी अशी ती पाळीपाळीने भरते. दिवसा दंडार आणि रात्री नाटक. पहाटे नाटक सुटले, की थंडीत कानाला रुमाल बांधून घराकडे निघालेली मंडळी वाटेने बोलत असतात : ‘पेटीवाला बरा होता, पण दुसऱ्या अंकातले गाणे उगाच लांबवले.’ वाचकहो, टीका म्हणतात ती हीच. मात्र ती पहाटेच्या धुक्यातच विरून जाते. ऐकलेल्या गाण्याचा असा निवाडा मराठी माणूस कागदावर कधी उतरवू लागला, याची कथा मोठी मौजेची आहे.

तिचा आरंभ मराठी मुलखाच्या बाहेर होतो. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती बाई इंग्रजीत आपले नाव सांगून मोकळी होई. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि हे गाणे कोणाचे, हे तिथल्या कारागिरांना कळावे तरी कसे? पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. कलकत्त्याहून नागपूरकडे येणारा लोहमार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो. तेव्हा कुत्र्याचे चित्र मिरवणाऱ्या त्या काळ्या तबकड्यांच्या किती पेट्या आमच्या स्टेशनावरून खडखडत गेल्या असतील, कोण जाणे!

या तबकडीने गाण्याचे दोन गोष्टींत रूप पालटले. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. घटका घटका रंगणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवताना बुवांची त्रेधा उडे. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे प्रथमच ठरवावे लागले. दुसरा पालट त्याहून मोठा. मैफलीतली तान एकदा कानावरून गेली की गेली. तिच्याविषयी भांडायचे तर दोन्ही पक्षांनी आठवणीवर विसंबायचे. तबकडीवरची तान मात्र सुई बदलून पुन्हा ऐकता येई. ‘इथे सूर हलला’ असे कोणी म्हटले, की दुसरा म्हणे, ‘लावा पुन्हा, बघू.’ टीकेला पुरावा मिळाला तो असा!

या नव्या काळाला साजेसा टीकाकारही मराठीला लाभला, आणि तो आमच्या विदर्भातला. केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ सालचा, अमरावतीचा. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी ते संगीतावर लिहीत. त्यांचे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक १९३३ मध्ये आले. तोवर गवयाविषयी लिहायचे म्हणजे एकतर स्तुतिसुमने उधळायची, नाहीतर आख्यायिका सांगायच्या, अशीच बहुधा रीत होती. भोळ्यांनी आवाज कसा लावला, आलाप कसा मांडला, शब्द कसे उच्चारले, हे वेगवेगळे करून पाहिले. आणि हा टीकाकार स्वतः काठावर उभा राहिला नाही. त्याच १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला त्यांनी चाली दिल्या, पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला १९३६ मध्ये संगीत दिले. दुसऱ्याच्या ताटातले मीठ चाखणाऱ्याने आपलेही ताट लोकांपुढे ठेवले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

त्याच सुमारास भावगीत जन्मले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली. तिची तबकडी निघाली आणि घरोघर पोचली. तीन मिनिटांची जी अट ख्यालाला जाच वाटे, ती भावगीताला अंगच्या सदऱ्यासारखी बसली. मग वाद पेटला, की हे संगीत की नुसते सुरेल काव्यवाचन? स्वर थोर की शब्द थोर? हा वाद पुष्कळ वर्षे चालला. त्याचा निकाल लागला नाही, पण त्या निमित्ताने साधा ऐकणारा माणूसही शब्द आणि सूर वेगळे करून ऐकायला शिकला.

निवाडा हुकमाने करू गेले तर काय होते, तेही आपण पाहिले. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटू लागली. लोकांनी काय केले? रेडिओची कळ सिलोनकडे फिरवली! त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि कोणते गाणे पहिल्या पायरीवर चढते, हे ऐकायला घरोघर माणसे जमू लागली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीलाही ‘विविध भारती’ काढावी लागली. बंदी हरली, ती अशी. पण जिंकली ती टीका नव्हे, मोजणी जिंकली. गाणे कितव्या पायरीवर, एवढेच कळू लागले. ते तिथे का, हे कोणी सांगेना.

आज तर ही मोजणी खिशातल्या मोबाईलवर आली आहे. गेल्या वर्षी मी वर्गात विचारले, ‘अमुक गाणे चांगले कशावरून?’ मुले एका सुरात म्हणाली, ‘गुरुजी, ते लाखो लोकांनी पाहिले!’ मी निरुत्तर झालो, आणि थोडा खिन्नही. कारण आमच्या झाडीपट्टीतले दंडारीचे कितीतरी जुने गाणे तबकडीवर कधी गेलेच नाही. त्याला ना लाख मिळणार, ना पायरी. त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, तर ते चांगले होते, हेसुद्धा पुढच्यांना कळायचे नाही.

म्हणून सुटीचा अभ्यास दिला : मंडईत एक गाणे ऐका, आणि ते का आवडले, की का नाही आवडले, ते दहा ओळींत लिहा. बहुतेकांनी ‘फार छान’ असे दहा वेळा लिहून आणले. एका मुलीने मात्र आपल्या आजोबांच्या दंडारीतल्या गाण्याविषयी लिहिले होते. ‘आजोबांचा आवाज आता फाटला आहे. पण ते घाई करत नाहीत, म्हणून शब्द कळतात. झिलकरी मात्र घाई करतात.’

ती वही मी परत करताना तिच्या परवानगीने त्या ओळी उतरवून ठेवल्या. यंदाची मंडई आता तोंडावर आली आहे. मुलांना अभ्यास तोच दिला आहे. फक्त ‘फार छान’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत, अशी अट घातली आहे.